शिडीकाकांची अर्धी टाकी

मित्रांनो, मी एक छोटी पांढरी व्हॅन आहे. मागच्या बाजूला मला एकही खिडकी नाही, नुसता पत्रा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा बहुतेक जन्म खिडक्यांच्या कामात गेला हे ऐकून पुष्कळांना हसू येतं. हसा खुशाल. मलाही सुरुवातीला गंमतच वाटली होती. आता माझं वय झालं आहे. रंग जागोजागी उडाला आहे, उजव्या दाराला गंज चढला आहे आणि थंडीच्या दिवसांत मी एका झटक्यात सुरू होत नाही. दोन-तीनदा खोकून मगच जागी होते. पण कामावर अजून जाते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाजूने पत्रा आत जायचा आणि दुसऱ्या बाजूने आम्ही बहिणी ओळीने बाहेर पडायचो. माझ्या काही बहिणींना काचा आणि मऊ आसनं बसवली. त्या माणसांना फिरवायला गेल्या. मला आत नुसती लोखंडी जमीन मिळाली आणि चालकाच्या पाठीमागे पत्र्याची एक भक्कम भिंत. तेव्हा मी मनातून जरा खट्टू झाले होते.

पहिली सहा वर्षं मी एका बेकरीत होते. सकाळी गरम पाव भरायचे आणि दुकानोदुकानी पोचवायचे, एवढंच काम. पाव हलका असतो, त्यामुळे ओझं म्हणजे काय ते मला कधी कळलंच नाही. शाळेत जाणारी मुलं माझ्यामागून नाक वर करून चालायची. मग बेकरीवाल्याने मोठी गाडी घेतली आणि मला जुन्या गाड्यांच्या आवारात नेऊन उभं केलं. जाताना त्याने वळूनही पाहिलं नाही. सहा वर्षं रोज बरोबर असलेला माणूस, मित्रांनो! मला फार वाईट वाटलं. पुढे वर्षभर मला कोणी धुतलं नाही. पुढच्या काचेवर इतकी धूळ साचली की येणारे-जाणारे तिच्यावर बोटाने चित्रं काढायचे. एकाने मला झुबकेदार मिश्या काढल्या. त्या मिश्या घेऊन मी तीन महिने उभी होते.

मग एके दिवशी आवाराच्या फाटकातून एक शिडी आत आली. आधी नुसती शिडीच दिसली. मग तिला खांदा दिलेले एक उंच, वाळकेसे गृहस्थ दिसले, त्यांच्यामागे त्यांची बायको आणि शेवटी हातात कागद आणि मोजपट्टी घेतलेली त्यांची लेक. गृहस्थ खिडक्यांच्या काचा पुसायचं काम करत. खांद्यावर शिडी आणि हातात बादली घेऊन ते तीस वर्षं पायी फिरले होते, म्हणून त्यांना सगळे शिडीकाका म्हणत. गाडी घ्यायची तर तिच्यात शिडी मावली पाहिजे, आणि मावते की नाही हे शिडी नेल्याशिवाय कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते ती घरापासून वाहून घेऊन आले होते. आवारवाला तोंडाचा आ वासून बघत राहिला.

लेकीच्या डोक्यात वेगळंच होतं. तिला मी ताई म्हणते. शिडीकाकांचे गुडघे कुरकुरू लागले होते, मधूनच चक्कर यायची, आणि डॉक्टरांनी शिडीवर पाय ठेवायचा नाही असं बजावलं होतं. काकूंचा जीव तर ते संध्याकाळी घरी येईपर्यंत टांगणीला लागलेला असे. ताईने आपली चांगली नोकरी सोडली आणि ती वडिलांच्या धंद्यात उतरली, ती एवढ्यासाठीच की बाबांचे पाय जमिनीवर राहावेत. तिने नवी पद्धत शिकून घेतली होती. गाडीत पाण्याची टाकी ठेवायची, तिला पंप आणि लांब पाइप जोडायचा, आणि पाइपाच्या टोकाला उंच दांड्यावरचा ब्रश. म्हणजे रस्त्यावर उभं राहून तिसऱ्या मजल्याची काच धुता येते. पाणी फिल्टरचं असतं, त्यामुळे काच आपोआप वाळते आणि डाग राहत नाही.

आवारात त्या दिवशी तीन व्हॅन होत्या. पहिली तांबडी आणि लांबलचक. शिडीकाकांनी शिडी तिच्यात सरळ आत सरकवली आणि मोठ्या ऐटीत लेकीकडे पाहिलं. ताईने कागद पुढे केला. त्यांच्या रोजच्या गल्ल्यांची रुंदी तिने मोजून आणली होती.

“बाबा, ही आपल्या निम्म्या गल्ल्यांत शिरणारच नाही. आणि शिरली तर निघणार नाही.”

दुसरी निळी, देखणी, चारी बाजूंनी काचाच काचा. काकूंना ती बघताक्षणी आवडली. “छान आहे हो! आत उजेड किती आहे बघा.”

“दिवसभर लोकांच्या काचा पुसायच्या आणि घरी आलं की हिच्या पुसायच्या?” शिडीकाका म्हणाले. “मला नको बाई.”

उरले मी, मिश्यांसकट. शिडी माझ्यात मावेना. त्यांनी ती तिरकी घातली, उलटी घातली, थोडी दरडावूनही पाहिली, पण हात-दीड हात मागून बाहेरच राहिली. शिडीकाकांनी नाक मुरडलं. ताई मात्र माझ्या दाराशी उकिडवी बसली होती. दाराच्या चौकटीवर एक छोटी पट्टी असते आणि गाडीने किती वजन वाहावं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. सहा वर्षांत ती पट्टी कोणी वाचली नव्हती. ताईने अंगठ्याने तिच्यावरची धूळ पुसली आणि आकडा मोठ्याने वाचला.

“हिला पेलेल. तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो. वर टाकी, पंप आणि आपण दोघं. पाण्याला वजन असतं, बाबा.”

“तीस वर्षं बादल्या उचलल्यात मी, आणि ही मला सांगते पाण्याला वजन असतं!”

ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने माझं बाजूचं सरकतं दार उघडून पाहिलं. ते फुटपाथच्या बाजूला उघडतं, म्हणजे पाइप रस्त्यात येणार नाही. मग तिने माझ्या आतल्या भिंतीवर थाप मारली. “आणि ही भिंत बघा. ब्रेक दाबला तरी टाकी आपल्या पाठीत येणार नाही.” ज्या भिंतीपायी मी खट्टू झाले होते तिचंच कौतुक ऐकून मला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा.

“आणि शिडीचं काय?” शिडीकाकांनी विचारलं.

“शिडी घरी राहील.”

“मग मीही घरी राहतो.”

बापलेक एकमेकांकडे बघेनात. शेवटी काकूंनी तोड काढली. “टपावर बांधा ती. शिडी वर राहील आणि हे खाली राहतील. झालं समाधान?” त्यावर शिडीकाकांनी मान हलवली आणि खिशातलं फडकं काढलं. “थांबा, आधी हिचं तोंड धुऊ द्या,” असं म्हणून त्यांनी माझी काच अशी लख्ख केली की वर्षभरानंतर मला समोरचा रस्ता नीट दिसला. त्या क्षणापासून मी त्यांची झाले.

आमचा दिनक्रम ठरून गेला. शिडीकाका सगळ्यांच्या आधी उठायचे आणि अंगणातला फिल्टरचा नळ सोडून टाकी भरायचे. ताई तोवर दांडे, ब्रश आणि फडकी गोळा करायची. आमचं घर टेकडीच्या अलीकडे होतं आणि काम पलीकडच्या वस्तीत, म्हणून सकाळी मधला एक वळणावळणाचा चढ ओलांडावा लागे. एकदा वस्तीत पोचलं की दिवसभर गल्लीतल्या गल्लीत सरकायचं आणि संध्याकाळी रिकाम्या टाकीने परतायचं. पहिल्या आठवड्यात त्या चढावर माझं इंजिन जोरात घुमलं. मला काही त्रास होत नव्हता, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदाच खरं ओझं वाहत होते, आणि ते मला पेलत होतं म्हणून मी खुशीत होते. पण शेजारी बसलेल्या शिडीकाकांचा जीव कळवळला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी अर्धी झाल्यावर नळ बंद केला. “पुरे आता. म्हातारीला कशाला एवढं ओझं?” ते माझ्या कानात म्हणाले, म्हणजे माझ्या आरशाजवळ. ताईने आतून हाक मारून विचारलं, “भरली का हो टाकी?” आणि ते म्हणाले, “भरली, भरली.”

खोटं एवढंसंच होतं आणि मायेपोटी होतं. पण ते मला चांगलंच भोवलं. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीतलं पाणी मात्र वळणावर एका बाजूला धावत जातं, पत्र्यावर आपटतं आणि परत येतं. दीडशे किलो पाणी असं पोटात इकडून तिकडे पळत असेल तर कोण सरळ चालेल? मी प्रत्येक वळणावर डुलू लागले. ताई स्टिअरिंग घट्ट धरून बसायची. त्यातून दुपारीच पाणी संपायचं. “ही गाडी पाणीही पिते आणि डुलतेही,” ती वैतागून म्हणायची. शिडीकाका खिडकीबाहेर बघायचे.

आता तुम्ही म्हणाल, पाणी संपतंय हे दिसत असताना ते पुन्हा पूर्ण टाकी का भरत नव्हते? त्याचं कारण फक्त मलाच माहीत होतं.

दर मंगळवारी आम्ही एका तीन मजली पिवळ्या इमारतीला जात असू. तिच्या दुसऱ्या मजल्यावर समोरच्या बाजूला एक म्हाताऱ्या मास्तरीणबाई राहायच्या. कित्येक वर्षांपासून त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि त्यांची खाट खिडकीला लागून होती. शिडीकाका पूर्वी शिडीवरून त्यांची काच पुसत, तेव्हा मधे फक्त काच असे. मास्तरीणबाई आतून बोटाने दाखवत, इथे डाग राहिला, तो कोपरा राहिला. शिडीकाका निमूटपणे पुन्हा पुसत आणि सलाम ठोकत. मग दोघंही हसत. एकमेकांचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. माझी टाकी भरता भरता शिडीकाकांनी हे सगळं मला सांगितलं होतं. नव्या पद्धतीत त्या खिडकीपर्यंत फक्त ब्रश पोचायचा.

तर त्या पहिल्या अर्ध्या टाकीच्या मंगळवारी इमारतीची मागची बाजू होताच पाणी संपलं. ताई मागे लांबच लांब पाइप गुंडाळत बसली. “समोरच्या खालच्या खिडक्या मी फडक्याने करून टाकतो,” असं सांगून शिडीकाका पुढे आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या टपावरचे पट्टे सोडले आणि शिडी भिंतीला लावली. मी बघत राहिले. ते एकेक पायरी जपून वर गेले. वरून सलाम ठोकून खाली आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला रागावताही येईना. त्यानंतर दर मंगळवारी मागची बाजू आधी करायची असा त्यांनी हट्टच धरला.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका मंगळवारी वरच्या ओल्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला. हातातली काच निपटायची रबराची पट्टी टण्णकन माझ्या टपावर पडली. शिडीकाका एका हाताने लोंबकळत राहिले, दोन्ही पाय हवेत. माझ्याजवळ हॉर्न होता, पण तो वाजवायला हात नव्हते. आयुष्यात इतकी असहाय मी कधी झाले नाही. किती वेळ गेला कोण जाणे, शेवटी त्यांचा पाय पायरीला लागला. ते कसेबसे उतरले आणि माझ्या दारात बसले.

“कोणाला सांगू नकोस हं,” ते मला म्हणाले.

मी कोणाला सांगणार? त्या दिवशी मला वाचा नाही याचं जितकं दुःख झालं तितकं कधीच झालं नव्हतं. पुढच्या मंगळवारी ते पुन्हा चढणार हे मला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात ताईने मला गॅरेजमध्ये नेलं. मेकॅनिकने टाकी ठोकून पाहिली, पंप पाहिला, खाली झोपून माझी चाकं हलवली. गळती सापडली नाही. “वय झालंय हिचं, ताई,” तो हात पुसत म्हणाला. “डुलणारच. काढून टाका.” सोमवारी संध्याकाळी जेवताना ताईने घरात सांगून टाकलं की, “उद्या कामावरून परतताना आवारात जाऊ आणि हिच्या बदल्यात दुसरी बघू. एखाद दिवशी वळणावर ही मला आणि बाबांना घेऊन खाली जाईल.” स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. पुन्हा ते आवार, ती धूळ, त्या मिश्या. पण खरं सांगू? माझ्यापेक्षा मला शिडीकाकांचीच काळजी वाटत होती.

मंगळवारी सकाळी ते नेहमीसारखे उठले आणि त्यांनी नळ सोडला. टाकी अर्धी झाली. त्यांचा हात नळाकडे गेला आणि तिथेच थांबला. पाणी चढत राहिलं. टाकी काठोकाठ भरून पाणी अंगणात सांडलं तेव्हा त्यांनी नळ बंद केला, आणि जाऊन मुकाट्याने आपल्या जागेवर बसले.

चढ आला. इंजिन घुमलं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. मी एका रेषेत चालले होते. ताईने कडेला गाडी थांबवली.

“बाबा, आज ही डुलली नाही.”

“नाही डुलणार.”

“काय केलंत?”

“टाकी भरली.” ते समोर बघत होते. “रोज अर्धीच भरत होतो. चढावर हिचा आवाज ऐकला आणि वाटलं, म्हातारीला ओझं होतंय. तिच्यात काही दोष नाही गं. तिला विकू नकोस.”

ताईने कपाळाला हात लावला. “अहो, अर्ध्या टाकीनेच तर डुलते ती! आणि दुपारी पाणी संपायचं, तेव्हा तरी सांगायचं होतं.”

शिडीकाका म्हणाले, “पाणी संपावं असंच मला वाटायचं.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. शिडी सांगितली, खिडकी सांगितली, सटकलेला पायही सांगितला.

ताई आधी रागावली, मग रडू लागली. “पडला असतात म्हणजे? आईला मी काय सांगितलं असतं? मी नोकरी कशासाठी सोडली, बाबा?”

“म्हणून तर सांगता येईना. माझ्यासाठी तू एवढं केलंस. कुठल्या तोंडाने म्हणू की मला वरच जायचंय? खालून काच दिसते गं. माणूस दिसत नाही.”

ताई ओक्साबोक्शी रडली. मग तिने ओढणीने डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, “चुकलंच माझं. तुम्हाला खाली आणलं, पण खाली तुम्हाला करमतंय का, ते विचारलं नाही.” शिडीकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोघांनी ठरवलं की माझ्या टपावरची शिडी आता घरीच राहील. ताईने गाडी वळवली, घरी येऊन दोघांनी शिडी उतरवली, आणि काकूंनी दारात शिडी पाहिली तेव्हा काहीएक न विचारता ती आत घेतली.

पिवळ्या इमारतीपाशी पोचायला आम्हाला उशीर झाला. शिडीकाका मान खाली घालून दांडे काढू लागले. ताई त्यांना थांबवून म्हणाली, “बाबा, वर जायला जिना आहे की.”

“जिन्याने जाऊन काय करू?”

“काचेला आतली बाजू नसते का? तीस वर्षांत कोणी पुसली?”

ती स्वतः वर जाऊन मास्तरीणबाईंच्या सुनेला विचारून आली. शिडीकाकांनी फडकं धुतलं, पिळलं, पुन्हा धुतलं. केस नीट केले. एखाद्या परीक्षेला निघाल्यासारखे ते कठडा धरून जिना चढू लागले. दोन मजले चढायला त्यांना बराच वेळ लागला. ताईने पंप सुरू केला आणि दांडा उंचावून बाहेरून ब्रश फिरवायला सुरुवात केली. काचेवरून पाणी वाहत होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. मग तिने ब्रश खाली घेतला आणि पाणी ओघळून गेलं.

आत खाटेशेजारी शिडीकाका उभे होते. मास्तरीणबाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता, आणि दोघंही बोलत होती. एकाच वेळी बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. मग मास्तरीणबाईंनी खाली बोट दाखवून काहीतरी विचारलं. शिडीकाका वळले. आयुष्यभर त्यांनी खिडक्या बाहेरून पाहिल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी आतून बाहेर पाहिलं आणि त्यांना आपली भिजलेली लेक आणि मी दिसलो. त्यांनी आमच्याकडे बोट करून मास्तरीणबाईंना काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही, पण ताईने हात वर केला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

मला कोणी विकलं नाही. टाकी रोज काठोकाठ भरते आणि मी ती अजून नेते.

मित्रांनो, गाडी जपायची तर तिच्या दाराशी लिहिलेला आकडा वाचा, तिला वेळच्या वेळी धुवा आणि तिचा आवाज बदलला तर लक्ष द्या. मात्र दया आली म्हणून तिचं ओझं मनानेच ठरवू नका. माझ्या बाबतीत ती चूक होणं साहजिक होतं, कारण मला विचारलं असतं तरी मला उत्तर देता आलं नसतं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलता येतं. त्यांना विचारा.